सव्वा एकराचा भाऊ

सरपंच बांगचा फोन आला तेव्हा हवालदार प्यो चौकीत एकटाच नूडल्स खात बसला होता.

"साहेब, ताबडतोब या! सुन्ने आजीकडे मेलेला माणूस जेवायला बसलाय!"

"शुद्धीत आहात ना, बांग?"

"थट्टा नाही, साहेब. तिचा धाकटा भाऊ जोंगू, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेला. अकरा वर्षांत एक पत्र नाही. आम्ही तर तो गेला असंच धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात अचानक दारात उभा! आणि उद्या आजी तालुक्याला जाऊन हजार प्योंगांचं भातशेत त्याच्या नावावर करतेय."

"शेत तिचं, भाऊ तिचा. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"उद्या त्यानं ते विकून टाकलं तर म्हातारी खाणार काय?"

एक माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी जागा म्हणजे एक प्योंग. तशा हजार जागा, एवढीच सुन्ने आजीची दौलत. प्योनं नूडल्स तशाच टाकल्या आणि गाडी काढली.

अंगणात तेंदूसारखी केशरी फळं सोलून वाळत टाकली होती. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

"ये रे पोरा, जेवलास का? माझा जोंगू आलाय! बघ तरी!"

असा आनंद प्योनं कित्येक दिवसांत कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता. बायको गेल्यापासून त्याच्या घरात आवाजच नव्हता. आल्या पावली परत फिरावं असं त्याला वाटलं. पण तो बसला.

पाहुणा साठीचा, रापलेला. पासपोर्टवर जोंगूचंच नाव. फोटो नवा.

"ओळखीची आणखी काही खूण?"

पाहुण्यानं रुमालातून चांदीचा केसातला काटा काढला.

"आईचाच आहे तो," आजी म्हणाली. "निघताना मीच दिला होता."

"लहानपणी घरात कुत्रा होता?"

"होता तर! भोपळ्या. ताईच्या चपला पळवायचा."

"तुमची बोली मात्र इकडची वाटत नाही."

"तीस वर्षं, साहेब. अमेरिकेनं जीभच धुऊन काढली."

प्योकडचे प्रश्न संपले. आधीच येऊन बसलेला बांग खजील होऊन डोकं खाजवत होता. पाहुण्यानं वाडग्यांत भाताची दारू ओतली.

"बसा हो! तिकडे संत्र्यांच्या बागेत राबताना मी गोऱ्या मुकादमाला छाती काढून सांगायचो, माझ्या बापाचं पाच माजिगी भातशेत आहे. म्हणजे तुमचा सव्वा एकर! रोज झोपताना हाच हिशोब."

"सव्वा एकर! ऐकायला झोकात वाटतं," बांग हसला. "नाहीतर आमच्या या जोल्ला प्रांतात मापं लहान आणि जेवणं मोठी!"

सगळे हसले. प्योला हसू आलं नाही. त्यानं अमेरिकन छावणीशेजारी नोकरी केली होती. एकराला बाराशे प्योंग आणि वर थोडे, हे त्याला पाठ होतं.

"काका, एक माजिगी म्हणजे किती हो?" त्यानं पाहुण्याला विचारलं.

"मापभर बियाणं पेरून होईल तेवढी जमीन."

"ते झालं. प्योंग किती?"

"तीनशे. हे काय विचारणं झालं?"

बांगचं वाडगं ओठांपाशीच थांबलं.

"तुमचं खरं नाव काय?" प्योनं विचारलं.

"अरे, काय बोलतोस हे?" आजी ओरडली.

"आजी, तुमचं शेत पाच माजिगी, म्हणजे हजार प्योंग. इथं माजिगी दोनशेची. हजार प्योंग पुरता एक एकरसुद्धा भरत नाही, सव्वा कुठला? पण तिकडे गांगवोन प्रांताच्या डोंगरात माजिगी तीनशेची. माझी बायको तिकडची. सासऱ्यांच्या तीन माजिगीवरून आमच्या लग्नात भांडण व्हायची वेळ आली होती, म्हणून ठाऊक. तीनशेच्या पाच माजिगी म्हणजे जवळपास सव्वा एकर."

"विसरलो असेन," पाहुणा पुटपुटला.

"रोज रात्री केलेला हिशोब? कुत्रा, काटा, पाच माजिगी, हे सगळं तुम्हाला जोंगूनं सांगितलं. पण माजिगी केवढी, हे कुणी सांगत नाही. ती जो तो आपल्या बापाच्या शेतावरून धरतो. शब्द त्याचा, माप तुमचं. तुम्ही गांगवोनचे. खरं ना?"

पाहुण्याची मान खाली गेली.

"योम दोक्सू," तो म्हणाला. "आम्ही एकाच खोलीत राहायचो. मी बोटीवरून पळालेला, माझ्याकडे कागद नव्हते. तो गेला तेव्हा त्याचे मी घेतले. त्याला माझ्या नावानं पुरलं. थडग्यावर योम दोक्सू लिहिलंय."

"आणि शेत?"

"नाही म्हणत नाही. डोळा होताच. माझं गाव धरणाखाली गेलं, साहेब, मागं कुणी उरलं नाही. इथं ताई म्हणाल्या, 'जेवलास का?' मग तोंडातून खरं निघेचना."

प्योनं त्याच्या दंडाला धरलं. आपण जिंकलो असं त्याला अजिबात वाटत नव्हतं.

"थांब जरा," आजी म्हणाली. "कधी गेला माझा जोंगू?"

"अकरा वर्षं झाली. बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला."

तिनं ती तिथी दोनदा पुटपुटली. इतकी वर्षं भावाचं श्राद्ध तिनं घातलं नव्हतं. तिथीच माहीत नव्हती, आणि आशाही सुटत नव्हती.

"जाताना माझं नाव घेतलं का रे त्यानं?"

योम 'हो' म्हणायला गेला आणि थांबला.

"नाही, ताई. झोपेतच गेला. मला सकाळी कळलं."

आजीनं हात पुढं केला आणि चाचपडत त्याची बाही घट्ट पकडली.

"मेल्या, आठवडाभर माझ्या ताटात जेवून खोटं बोललास. मग आत्ताच का रे खरं बोललास?"