शंभर अंश खात्री

खात्रीमापक यशस्वी झाला तर डॉ. त्रिविक्रम मुळगुंदांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. नव्या आंतरशाखीय केंद्राचं संचालकपद, कुलगुरूंच्या शेजारची खुर्ची, आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचण्यातून कायमची सुटका. ही तिसरी त्यांनी खरं तर आधीच मिळवली होती. यंत्रामुळे तिला फक्त विद्यापीठाची मान्यता मिळणार होती.

खात्रीमापक यशस्वी झाला. म्हणून तर त्या सकाळी शाल्मली वझरकर मौखिक परीक्षेच्या दालनात कचोऱ्या मांडत होती आणि कचोऱ्यांच्या ताटाशेजारी यंत्राचा डोक्याला बांधायचा काळा पट्टा तिची वाट पाहत पडला होता. परीक्षा जिची, फराळ तिचा, हा विभागाचा जुना रिवाज. पट्टा मात्र वर्षभरापूर्वी आलेला.

"चटणी लांब ठेव," एजाज मुल्लाणी दारातूनच म्हणाला. "बाहेरच्या परीक्षकांना आंबट चालत नाही. गेल्या खेपेला चटणीपायी एकाचा प्रबंध दोन महिने लटकला."

"तुझा कुठे लटकला?"

"छे! ब्याण्णव अंश. पट्टा चढवला, छाती काढली, बोलत सुटलो. सातव्या प्रकरणात काय आहे ते मलाच धड ठाऊक नव्हतं."

तो हसला. शाल्मलीला हसू आलं नाही. उत्तीर्ण व्हायला साठ अंश लागत आणि तिचे किती येणार हे तिला आजच नव्हे, दोन वर्षांपासून माहीत होतं.

यंत्र तिघांचं होतं. माणूस विचार करतो तेव्हा मेंदूत बारीक विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण. ते टिपणारे मसुराएवढे संवेदक शाल्मलीने बनवले होते. भौतिकशास्त्राची सहा वर्षं तिने त्यांच्यात घातली होती. त्या कुजबुजीवरून बोलणारा किती ठाम आहे हे ओळखणारी प्रणाली संगणकशास्त्रातल्या एजाजची. मानसशास्त्र मुळगुंद सरांचं. म्हणजे शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं.

यंत्र बोलू लागलं, पण मोजपट्टी ठरेना. उकळतं पाणी म्हणजे शंभर अंश तापमान. शंभर अंश खात्री म्हणजे काय? कोणाचं डोकं प्रमाण धरायचं?

"त्यात विचार कसला करायचा?" सर म्हणाले होते. "मी बसतो."

एजाजने तिन्ही शास्त्रांमधली तीस विधानं काढली, पंधरा खरी, पंधरा साफ खोटी. खऱ्यांवर सरांचं डोकं ठाम राहील, खोट्यांवर डळमळेल, दोन्ही टोकं मिळतील, असा बेत. पहिलंच खोटं विधान होतं, प्रकाशवर्ष हे काळ मोजायचं एकक आहे. सर म्हणाले, "हो, अर्थात." दुसऱ्यालाही तेच. एजाज वाचत गेला आणि पंधराच्या पंधरा असत्यं सरांनी त्याच गोड, निर्विकार आवाजात मान्य केली. पडद्यावरची रेघ एकदाही थरथरली नाही.

"ताई, शून्याचं टोकच मिळेना," एजाज नंतर कुजबुजला. "या माणसाच्या डोक्यात शंका नावाची जागाच नाही."

"मग सांग त्यांना."

"तू सांग. तुझा सहामाही अहवाल सहीला आहे, माझापण आहे."

कोणीच सांगितलं नाही. शून्यासाठी एजाजने शाल्मलीला बसवलं. तिच्याच विषयातल्या खऱ्या विधानांवरही ती विचारत होती, "कुठल्या तापमानाला? हवेत की निर्वातात?" रेघ नुसती नाचत होती. झालं काम. शंभर म्हणजे सर, शून्य म्हणजे शाल्मली. ही सगळी नोंद तिने प्रबंधाच्या परिशिष्ट तीनमध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवली आणि समजली की आपलं कर्तव्य झालं. परिशिष्ट कोणी वाचत नाही हे सहा वर्षं संशोधन करूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

अकराच्या ठोक्याला शाल्मलीने पट्टा डोक्यावर चढवला आणि परीक्षा सुरू झाली. बाहेरून आलेले प्राध्यापक हणबर कचोरी संपवून, बोटं पुसून म्हणाले, "तुमच्या संवेदकाची अचूकता सांगा."

"चौदा फेम्टोटेस्ला, अधिक-उणे तीन. पण हे कोरड्या हवेतलं. दमट हवेत घेतलेली मोजमापं पुरेशी नाहीत, म्हणून..."

भिंतीवर आकडा उमटला. सहा.

"अहो, एकच आकडा सांगा की!"

"एकच सांगितला तर तो खोटा ठरेल, सर."

चार.

मुळगुंदांनी हळहळल्यासारखी मान हलवली. "मुलगी कष्टाळू आहे हो. आत्मविश्वासात मार खाते."

तेव्हा शाल्मलीने प्रबंध उघडला आणि परिशिष्ट तीन मोठ्याने वाचलं. प्रकाशवर्षापासून पंधराव्या विधानापर्यंत. "ही मोजपट्टी ज्ञान मोजत नाही," ती म्हणाली. "शंका न येणं मोजते. बहुधा. मला आणखी माणसं तपासायला हवी होती."

तीन.

"मुळगुंदसाहेब," हणबर चाचरत म्हणाले, "हे असं घडलं होतं?"

सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे तिच्या डोक्यावरून पट्टा काढला, स्वतःच्या टकलावर नीट बसवला आणि म्हणाले, "असलं एकही विधान मी मान्य केलेलं नाही."

शंभर.

कोणीतरी चक्क टाळी वाजवली. मग साक्षीला एजाजला बोलावलं. जूनपासून केंद्रात त्याची नेमणूक व्हायची होती, आदेशावर सही तेवढी बाकी होती. पट्टा चढवून तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मला तसं काही आठवत नाही."

एकाहत्तर. साठाच्या वर होते, तेवढे पुरले.

निकाल तिथेच लागला. शाल्मली अनुत्तीर्ण. वर्षभर आत्मविश्वासाचा अभ्यासक्रम पूर्ण करून पुन्हा बसायची मुभा. अभ्यासक्रम मुळगुंद सरच घेत.

जिन्यात हणबरांनी तिला गाठलं. आजूबाजूला पाहून म्हणाले, "परिशिष्ट तीन मी घरीच वाचलं होतं. उत्तम काम आहे."

"मग आत का नाही बोललात?"

"पुढच्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्याची परीक्षा आहे. परीक्षक मुळगुंद आहेत." ते दोन पायऱ्या उतरले आणि तिला धीर द्यावा तसं म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. यंत्र चांगलंच आहे. आमच्या शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाने चाळीस पट्टे मागवलेत. आता डॉक्टरांनाही साठ अंशांखाली पदवी नाही."

शाल्मली जिन्यातच थांबली. मुळगुंदांना या सगळ्याची काहीच किंमत पडली नव्हती. हणबरांना जिन्यातली कुजबूज पडली, एजाजला एक वाक्य, तिला सहा वर्षं. पण ही तर सुरुवातीची रक्कम. उरलेलं ज्यांच्याकडून वसूल व्हायचं ती माणसं अजून घरी धडधाकट जेवत होती. उद्या त्यांच्यातलं कोणीतरी पोटातली गाठ दाखवायला जाईल. "मला शंका आहे, पुन्हा तपासू," असं म्हणणारा डॉक्टर तोवर नापास होऊन घरी बसला असेल, तर त्या माणसाला ते सांगणार कोण?