एक... दोन...

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच बाबतीत घडली आहे. तीही रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, बाबांच्या टेप-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. पटली नाही तर सोडून द्या. कोणाला पटवून देण्याची मला हौस उरलेली नाही.

त्याच्या आठ-दहा दिवस आधी, शुक्रवारी, मी दुकानात डोकावले होते. बाबा कपाळावर चष्मा चढवून चष्माच शोधत होते.

"मिरचे, तुझ्या टेपला नवा पट्टा घातलाय. तुझी ती लाडकी कॅसेट लावून बघ."

"आज घाई आहे बाबा. रविवारी येते."

"रविवारचं रविवारी बघू," ते म्हणाले.

शनिवारी पहाटे ते झोपेतच गेले.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "नशीबवान माणूस. कळलंसुद्धा नाही त्यांना."

त्यांना चांगलं कळलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने आधीच बजावलं होतं, हृदय थकलंय, ऑपरेशन करून घ्या. दादाला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. शेजारच्या शिंप्यालासुद्धा माहीत होतं!

"मला का नाही सांगितलंस?" मी दादाला विचारलं.

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, मिरचीला कळलं तर फरफटत नेऊन टेबलावर झोपवेल मला."

"नेलंच असतं."

"म्हणूनच तर..."

मी रडले नाही. ओठ घट्ट आवळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत राहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुकान आवरायला घेतलं. दादा खोकी आणायला गेला. मी एकटीच होते. बाकावर माझा टेप होता, आणि त्याच्यावर ती कॅसेट.

सोळाव्या वर्षी मी त्या एका अल्बमवर जगत होते. तिसरं गाणं सगळ्यांत लाडकं. आणि नेमकं त्याच गाण्यावर बाबांनी एकदा माइक तपासला होता. आत कोणाची कॅसेट आहे हे न बघता रेकॉर्डचं बटण दाबायचं, ही त्यांची खोड.

माइक तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आपण म्हणायचं "एक... दोन...", आणि माइक समोरच्यापुढे धरायचा. समोरचा "तीन" म्हणाला की बटण बंद. काम संपलं, घेऊन जा.

त्या दिवशी माइक माझ्यापुढे आला. तेवढ्यात आत फिरणारी कॅसेट मी ओळखली. "तीन" म्हणण्याऐवजी मी धाडकन दार आपटून निघून गेले.

ते सगळं टेपवर उतरलं. एक, दोन, दार. आणि पुढे तुटलेलं गाणं.

संध्याकाळी त्यांनी कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. "आता ह्याच्यावर ब्रह्मदेवालाही काही भरता येणार नाही."

हे लक्षात ठेवा.

मी टेप लावला. पहिलं गाणं. दुसरं. ओळन् ओळ पाठ होती. इतक्या वर्षांनीही गाणी तेवढीच सुंदर वाटत होती, आणि मला त्याचाही राग येत होता.

तिसरं सुरू झालं. कडव्याच्या मध्येच तुटलं.

"एक..."

"दोन..."

मी दार आपटायची वाट बघत होते.

दार आपटलं नाही.

नुसती खरखर...

गाणंही पुढे आलं नाही. त्या खरखरीत कोणीतरी श्वास घेत होतं. धाप लागल्यासारखा.

मी सोळा वर्षांची असताना बाबांना धाप लागत नव्हती.

"एक... दोन..."

पुन्हा.

मी टेप बंद केला. कॅसेट काढून मागची कड बघितली. दोन्ही तुकडे मोडलेलेच होते. ती थोडी मागे फिरवली आणि परत लावली.

"एक... दोन..."

श्वास.

मग अगदी हळू...

"मिरचे?"

शटर वाजलं. मी किंचाळलेच. दादा होता, हातात खोकी.

"काय गं? भूत बघितलंस की काय?"

"हे ऐक." मी तोच भाग पुन्हा लावला.

एक. दोन. धाडकन दार. गाणं.

"अजून तसंच आहे की हे!" दादा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "काय दार आपटलं होतंस तू..."

मी कॅसेट काढून घेतली.

टेप आणि कॅसेट आता माझ्या घरी आहेत. खोलीत दुसरं कोणी असलं की दार आपटतं. मी एकटी असले की आपटत नाही. नुसता तो श्वास येत राहतो. त्यांना काय हवंय, ते मला कळतं. एकच शब्द. तो म्हटला की बटण बंद. काम संपलं.

काल रविवार होता. मी दार लावून घेतलं आणि टेप सुरू केला.

"एक... दोन..."

मी टेपच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"बाबा, मला तुमचा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलेय. साऱ्या जगाला सांगितलंत, एक मला सोडून. का? तर मी तुम्हाला मरू दिलं नसतं म्हणून! मी फरफटत नेलं असतं, तुम्ही चार शिव्या घातल्या असत्या, आणि आज इथे बसून हे गाणं माझ्याबरोबर ऐकलं असतंत. मी तीन म्हणणार नाही. कळलं? बसा तसेच, माइक धरून."