निळ्यातली दुसरी खुर्ची

बाई गणिताच्या. निवृत्त झाल्या तरी उत्तराचा ताळा करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नवरा चित्रकार, तेही असे की ज्यांच्या चित्रात ना झाड, ना माणूस. शेवटचं वर्षभर त्यांनी एकच चित्र रंगवलं. पातळ निळा रंग लावायचा, अर्धवट वाळला की फडक्याने पुसायचा, पुन्हा लावायचा. "इथे ये, नुसती बस," ते म्हणायचे. "काही शोधू नकोस. शोधणं थांबलं की आतही शांत होतं."

"मला मेलीला कुठला वेळ शांत व्हायला? गॅसवरचं दूध कोण बघणार?" असं म्हणत बाई स्वयंपाकघरात पळायच्या.

आता वेळच वेळ होता. ते गेल्यापासून बाई रोज दुपारी चित्रासमोर बसत. शांत वगैरे काही होत नव्हतं, रडू तेवढं येत होतं. एकदाच ते दिसावेत, एवढंच त्यांना हवं होतं. समोर मात्र निळा रंग, दुसरं काही नाही.

एक दिवस शेजारीण वाटी परत करायला आली आणि दारातच थबकली.

"अगंबाई! काकू, काकांनी स्वतःलाच काढलंय की. पाठमोरे बसलेत. ती शेजारची खुर्ची कुणासाठी हो?"

बाईंनी निरखून पाहिलं, पण त्यांना काही दिसेना. दुःखात माणसं मन राखायला काहीबाही बोलतात, हेही त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या कपाटातला ट्रेसिंग पेपर काढून त्यांनी चित्रावर धरला. "गिरवून दाखव बघू."

दोन खुर्च्या उमटल्या. उजवीकडच्या खुर्चीत वाकलेले खांदे, डावा जरा खाली. ते तसेच बसायचे.

पुढच्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. तो काकांना ओळखतही नव्हता. चित्रात काय आहे ते न सांगता बाईंनी त्याला कोरा ट्रेसिंग पेपर दिला आणि चित्र गिरवायला सांगितलं. "मला चित्रबित्र येत नाही हं, बाई," म्हणत त्याने जे दिसलं ते गिरवलं. बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. खुर्च्या तंतोतंत जुळल्या.

मान जुळली नाही. प्लंबरच्या कागदावर ती रिकाम्या खुर्चीकडे वळली होती.

"कुणाची तरी वाट बघतायत बहुतेक," हत्यारं गोळा करताना तो म्हणाला.

त्या दुपारी बाईंनी काय नाही केलं! चष्मा पुसला, पडदे ओढले, दिवा जवळ आणला, कॅनव्हासला नाक लावलं. "सगळ्या जगाला दिसता, आणि मलाच नाही?" त्या भांडल्या, रडल्या, दमल्या. शेवटी शोधायचं सोडून नुसत्या बसल्या.

आतला गलबला कधी थांबला, त्यांना कळलंही नाही. समोर निळं होतं. तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी लेक आली. आईला इतकं निवांत बसलेलं तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. येताना आणलेली पिवळीधमक नवी शाल तिने आईच्या खांद्यांवर घातली. मग चित्राकडे वळली. "बाबा..."

बाईंनी तिच्या हाती कागद दिला.

लेक गिरवू लागली. एक खुर्ची. बाबांचे खांदे. मग दुसरी खुर्ची. पेन्सिल तिथेच बराच वेळ फिरत राहिली.

"रिकामी आहे ना गं ती?" बाईंनी विचारलं.

लेकीने बाबांच्या डब्यातून पिवळी पेन्सिल शोधून काढली.

बाईंना हुडहुडी भरली. त्यांनी शाल गळ्याशी ओढून घेतली.

लेकीची पाठ त्यांच्याकडे होती. नजर चित्रावर.

"आई," ती म्हणाली, "जरा हलू नकोस ना."