वर्गातला रफार

"ताई, आजपासून माह्या पोरीले शिकवू नोका..."

रूपालीनं सलोनीचा हात उर्वशीच्या हातातून सोडवून घेतला आणि रडणाऱ्या पोरीला ओढतच ती आतल्या खोलीत निघून गेली. उर्वशी ओसरीवर तशीच बसून राहिली, हात अजून पुढे धरलेला... रिकामा.

मारेगावच्या या घरात ती थोरली सून होती. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा, संघदीप, अपघातात गेला. पदरी मूल नव्हतं, तरी तिनं माहेरची वाट धरली नाही. शेजारच्या गावच्या शाळेत ती शिकवायची, सासूचं दुखणंखुपणं पाहायची. आणि धाकटा दीर राजदीप नि जाऊ रूपाली यांची लेक सलोनी तिला 'मोठी आई' म्हणून बिलगली, तेव्हा तिच्या शोकसंतप्त अंतःकरणाला जगण्याचं कारण सापडलं होतं.

तिसरीतली सलोनी वाचताना अडखळायची, लिहिताना जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गाळायची. 'पुस्तक'चं 'पुतक', 'वर्गात'चं 'वगात'. उर्वशी तिला हनुवटीखाली हात धरायला लावायची.

"हळू म्हण. पुस्... तक. हनुवटी किती वेळा खाली गेली?"

"दोनदा."

"म्हणजे तुकडे दोन. पहिला तुकडा कशावर थांबला?"

"स् वर."

"मंग लिहिताना तो कुठं गेला?"

सलोनी हसायची आणि स् जागेवर यायचा. पोर रुळत चालली होती. पण त्या दिवशी रूपाली हौसेनं लेकीचा धडा घ्यायला बसली, 'वर्गात'पाशी स्वतःच अडली, आणि सलोनी सहज बोलून गेली, "तुले नाही येत, आई. मोठी आईलेच येते." राजदीप हसला. ते हसणं रूपालीच्या काळजात रुतलं, आणि त्याचा सगळा दाह उर्वशीच्या वाट्याला आला.

उर्वशीनं रूपालीचा शब्द मानला. सलोनी पुस्तक घेऊन दाराशी आली की ती कामाचं निमित्त करायची. "आईजवळ बस बेटा," एवढं कसंबसं म्हणायची आणि तोंड फिरवायची. कारण डोळे भरलेले पोरीला दिसले असते... सलोनी हळूहळू यायची बंद झाली. वाचन पुन्हा कोसळलं. शाळेतून निरोप आला तसा राजदीप चिडला.

"घरात काही होत नाही हिचं. पुढच्या वर्षी यवतमाळले वसतिगृहातच टाकतो."

त्या रविवारी दोघी जावा कापूस वेचायला गेल्या. रूपालीचे हात बोंडांवर थांबले होते.

"ताई, चौथीत शाळा सुटली माही. मलेच वाचता येत नाही धड, तर पोरीले काय सांगू? आता ते दूर चालली..."

उर्वशीच्या मनात दाटलेला सगळा रोष त्या एका वाक्यात विरघळला. समोर तिला अपमान करणारी जाऊ दिसेना, लेकीवाचून तडफडणारी आई दिसली.

"मी तुले शिकवीन, रूपाली. सलोनीले मात्र तूच शिकवजो. माहं नाव घेऊ नोको."

"काहून?"

"पोरीले आपली आई शहाणी दिसली पाहिजे."

मग वेचणीचे ते सगळे रविवार, पऱ्हाटीच्या ओळींमधून दोघींचे दबके आवाज चालत राहिले. "वर्... गात. पहिल्या तुकड्याच्या शेवटचा र् लिहिताना दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. तोच रफार." रूपाली शेतात शिकायची, संध्याकाळी चुलीपाशी लेकीकडून म्हणून घ्यायची. गुपित फुटू नये म्हणून उर्वशी घरात सलोनीपासून लांबच राहायची. परीक्षा झाल्या तेव्हा सलोनी अख्खा धडा न थांबता वाचत होती. वसतिगृहाचा विषय निघेनासा झाला.

"मास्तरणीच्यानं नाही झालं, ते आईच्यानं झालं," सासू रुखमाबाई म्हणाल्या. उर्वशीनं ते ऐकलं आणि भाकरी थापत राहिली. ते सोसवलं असतं... पण मोठ्या आईनं आपल्याला टाकलं अशी खूणगाठ बांधलेली सलोनी समोरून मान खाली घालून निघून जायची, ते तिला सोसवेना. तिनं झरी जामणीकडे बदली मागितली, आणि ती मिळाली.

उर्वशी बॅग भरत होती, तेव्हा रुखमाबाई दारातून रूपालीला म्हणाल्या, "जाऊ दे. पोरीशीसुद्धा बोलत नाही, जीवच राह्यला नाही तिचा या घरात."

रूपालीनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"माय, असं बोलू नोका. सलोनीले मी शिकवलं, पण मले कोणं शिकवलं, ते इचारा..." आणि तिनं सगळं सांगितलं, हुंदके देत, राजदीपच्या आणि लेकीच्या देखत. सलोनी उर्वशीजवळ आली.

"मोठी आई, तू माह्यावर रागावली नव्हतीस?"

"नाही गं बाई... कधीच नाही."

पोर तिच्या कुशीत शिरली.

"बदली रद्द करा, वहिनी," राजदीप खाली मान घालून म्हणाला.

"आदेश निघाला, भाऊजी. तिथली लेकरंही वाट पाहत असतील."

दुसऱ्या दिवशी सगळेच तिच्याबरोबर निघाले. जंगलाकडेच्या त्या गावातल्या भाड्याच्या खोलीत रूपालीनं चहा ठेवला, रुखमाबाईंनी आपल्या हातानं अंथरूण घातलं. शेवटची बस लागली तेव्हा सलोनी पदर सोडेना. रूपालीनंच तिला उचललं.

"शनिवारी या, ताई. नाही आल्या तर आम्ही न्यायले येऊ."

बस वळणाआड गेली. उर्वशी उंबऱ्यावर बसली आणि संघदीप गेल्यापासून कुणालाही दिसू न दिलेले अश्रू तिनं त्या अनोळखी गावात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मनसोक्त वाहू दिले.