हडसनकाठचं फ्रान्स

"तू आईला खोटं सांगितलंस."

मी दचकून वळले. आईशी बोलून फोन नुकताच पर्समध्ये टाकत होते. मागे, दोन गुलाबी खांबांच्या मधल्या कठड्यावर, राखाडी स्वेटर घातलेला एकजण बसला होता. भिजलेल्या केसांतलं पाणी कपाळावर ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"काय?"

"जेवले म्हणालीस. जेवली नाहीयेस." मग तो जरा ओशाळला. "सॉरी… तुम्ही. आई म्हणते, मी सगळ्यांनाच तू म्हणतो. एकदा पूजेत गुरुजींनापण म्हणालो होतो."

"आणि मी जेवले नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या पोटाने. इथे एको खूप आहे."

मला हसू फुटलं. ते त्या दगडी छताखाली घुमलं, आणि माझ्या लक्षात आलं — आपल्या हसण्याचा आवाज आपण बऱ्याच दिवसांत ऐकलेला नाही.

नोव्हेंबरचा रविवार होता. मॅनहॅटनच्या अगदी उत्तर टोकाला, हडसन नदीवरच्या टेकडीवर हे म्युझियम आहे. फ्रान्समधल्या पडक्या मठांचे खांब, कमानी, दरवाजे जहाजातून आणून इथे पुन्हा उभे केलेत. मधे चौकोनी बाग, चारही बाजूंना छताखालची वाट. थंडीत कमानींना काचा लावतात. त्या काचांवर पाऊस बारीक बारीक वाजत होता.

खरं तर त्या आठवड्यात मी खऱ्या फ्रान्समध्ये असायला हवी होते. कॉलेजात असताना नागपूरला मी दोन वर्षं फ्रेंच शिकले होते. पुस्तकात एका खेड्यातल्या चर्चचं चित्र होतं… बुटकं, दगडी, दारासमोर एक रिकामं बाक. त्या बाकावर एकदा बसायचं, एवढीच माझी इच्छा. माझी रूममेट दीपा आणि मी मिळून सगळं ठरवलं होतं. किल्ले, चर्च, भाड्याची गाडी. मग दीपाचं लग्न झालं, ती न्यू जर्सीतल्या आयसेलिनची आमची अपार्टमेंट सोडून कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेली. आणि माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली. अमेरिकेत राहायला, नोकरी करायला काही अडचण नव्हती. पण एकदा बाहेर पडलं, की परत येण्यासाठी भारतात जाऊन नवा व्हिसा घ्यायचा, आणि त्याची तारीख कधी मिळेल ते कुणीच सांगत नव्हतं. "डोन्ट ट्रॅव्हल," कंपनीची वकीलबाई म्हणाली. दीपा नवऱ्याबरोबर जाऊन आली. फोटो पाठवले. मी प्रत्येक फोटोला हार्ट दिलं.

"हा बघ… बघा," तो एका खांबाकडे बोट दाखवत म्हणाला. खांबाच्या माथ्यावर, कोपऱ्यात, एक सिंह कोरलेला होता. दोन बाजूंना दोन अंगं, मधे एकच डोकं. "कोपऱ्यात जागा नव्हती. म्हणून दोघांनी एक डोकं शेअर केलं."

"भाडं जास्त असेल."

आता तो हसला. त्याचं हसणं आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर… आणि मग तो नजर खाली वळवायचा.

"देवदत्त," तो म्हणाला. "इथे सगळे डेव्ह म्हणतात."

"आसावरी. मला तू म्हटलंस तरी चालेल. मी गुरुजी नाही."

म्युझियमचं कॅफे थंडीत बंद असतं. स्टेशनजवळ त्याने मला एम्पनाडा खाऊ घातला. "करंजीसारखा आहे, पण तिखट," अशी ओळख करून दिली. तो न्यू जर्सीतच वाढलेला; आईबाबा आता टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला. तो ब्रुकलिनमधल्या एका वर्कशॉपमध्ये जुने दगडी पुतळे, नक्षी दुरुस्त करतो.

"आणि एप्रिलमध्ये मी फ्रान्सला जातोय," तो म्हणाला. "दोन वर्षांसाठी. खेड्यातलं एक चर्च आहे. छोटं. त्याचा दरवाजा पडायला आलाय."

मी एम्पनाडाचा शेवटचा तुकडा उगाच हळूहळू खाल्ला.

मग हिवाळाभर आम्ही फ्रान्स शोधत फिरलो, पासपोर्ट न लागणारं. डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सला समुद्रकाठचा एक किल्ला पाहिला. बांधून जेमतेम शंभर वर्षं झालेला.

"आमच्या नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला याच्याहून म्हातारा आहे," मी म्हटलं.

"पण आतल्या अंगणाच्या भिंती फ्रान्सहून आणलेल्या घरांच्या आहेत. खऱ्या. त्यांना बिचाऱ्यांना हे अंगण कुठलं तेच कळत नसेल."

"कळतं," मी म्हटलं. "सवय होत नाही, एवढंच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. समुद्रावरून वारा आला तसा तो एक पाऊल सरकून माझ्या त्या बाजूला उभा राहिला… वारा अडेल असा.

रविवारी संध्याकाळी तो मला मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत सोडायला यायचा, आणि उलट्या गाडीने परत जायचा. मी ओक ट्री रोडवरून चालत घरी. साड्यांच्या दुकानांच्या काचांमागे त्या नटलेल्या बाहुल्या उभ्या, मिठाईच्या दुकानात कुटुंबंच्या कुटुंबं. घरी दीपाची खोली अजून रिकामीच होती. मी दिवा लावायची तो मुद्दाम तिच्या खोलीतला. बाहेरून पाहिलं तर घरात दोघं आहेत असं वाटावं म्हणून. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

ते त्याच्या मनात इतकं खोल गेलं असेल, असं तेव्हा वाटलं नाही.

मार्चमध्ये आम्ही मिलवॉकीला गेलो. तिथल्या एका युनिव्हर्सिटीच्या आवारात फ्रान्समधलं एक पंधराव्या शतकातलं चॅपेल आहे. दगड न् दगड सुटा करून अमेरिकेत आणलेलं. बाहेर बर्फ पडत होता. आत आम्ही दोघंच. वेदीमागे एक दगड आहे. म्हणतात, जोन ऑफ आर्कने प्रार्थना करून त्याचं चुंबन घेतलं, तेव्हापासून तो बाकीच्या दगडांपेक्षा गार लागतो.

मी हात ठेवला. त्याने शेजारच्या दगडावर ठेवला.

"तुझा गार आहे?" त्याने विचारलं.

"मला सगळेच गार लागतायत."

त्याने माझा हात दगडावरून उचलला आणि दोन्ही तळव्यांत धरला. त्याचे तळवे खरबरीत होते आणि गरम. मला श्वास घेतल्याचासुद्धा आवाज होऊ नये असं वाटलं.

"आसावरी… मी विचार केलाय. आपण लग्न करू या. मी सिटिझन आहे. तुझं ग्रीन कार्ड होईल. मग तू ट्रॅव्हल करू शकशील. फ्रान्सला येऊ शकशील. तुला त्या घरात एकटं राहावं लागणार नाही. सगळे प्रॉब्लेम्स सॉल्व्ह होतात."

हेच ऐकायला मी हिवाळाभर थांबले होते. आणि ऐकल्यावर आत काहीतरी विझलं.

"सगळे माझे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"सगळे माझेच प्रॉब्लेम आहेत, देव. तुझा त्यात काहीच नाही. मी एक पडायला आलेला दरवाजा… आणि तू दुरुस्त करणारा."

"असं नाहीये."

"मग कसं आहे? सांग ना."

तो बोलू पाहत होता. मराठीत शब्द शोधले असतील, इंग्रजीतही. नाही सापडले. मी हात सोडवून घेतला. परतीच्या विमानात तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि मी त्याच्याकडे… तो बघत नसताना.

एप्रिलमध्ये तो गेला. मी नुअर्क विमानतळावर गेले नाही. मेसेज केला, 'नीट जा.' त्याने लिहिलं, 'हो.'

नंतरच्या रविवारांचं काय करायचं ते मला कळेना. एकदा हडसनकाठच्या त्या म्युझियममध्ये एकटीच गेले. काचा काढल्या होत्या, बागेत फुलं आली होती, माणसांची गर्दी. अर्ध्या तासात निघाले. दीपाला फोन केला तर ती म्हणाली, "यार, हो म्हणायचं ना. कागद तर कागद, माणूस चांगला आहे." मी म्हटलं, "माणूस चांगला आहे म्हणूनच नाही म्हटलं."

पण त्या रात्री आडवी पडले तेव्हा वाटलं, वकीलबाई म्हणाली जाऊ नका, तर मी गेले नाही. तो गेला, तर अडवलं नाही. वाट बघण्याव्यतिरिक्त मी आयुष्यात काय केलं होतं? दुसऱ्या दिवशी ऑफिसात लांबलचक रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, "परत येता आलं नाही तर जॉब ठेवता येईलच असं नाही." मी म्हटलं, "माहितेय." फ्रान्सच्या व्हिसाचा अर्ज केला. मे महिन्यात व्हिसा आला, आणि शनिवारी सकाळी चहा ठेवता ठेवता मी देवदत्तला फोन लावला.

"आसावरी?" त्याच्या मागे कुठेतरी छिन्नी ठकठक वाजत होती. ती दूर गेली. तो बाहेर आला असावा.

"मी जूनमध्ये येतेय. पंधरा दिवस. मग तिथून नागपूर, व्हिसासाठी."

"आणि नाही मिळाला तर? अडकलीस तर?"

"अडकले तर अडकले. आईकडे राहीन, दुसरी नोकरी बघीन. तू काही सॉल्व्ह करायचं नाहीयेस. मी फक्त येतेय."

मी चहात साखर टाकली.

"मी इथे रोज संध्याकाळी…" तो थांबला. "काम संपतं, बाकीचे सगळे घरी जातात. मी आपला चालत राहतो. गावात काही नाहीये. एक बेकरी, तीपण बंद असते. मला फार एकटं वाटतं, आसावरी. ब्रुकलिनमध्येपण वाटायचं. म्हणून तर म्युझियममध्ये जाऊन बसायचो. तू फोनवर मराठी बोललीस, आणि… तू उठून जाऊ नयेस म्हणून काहीतरी बोललो."

चहा उतू जाणार होता. मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसले.

"हे मिलवॉकीला का नाही बोललास?"

"मला वाटलं, मुलगी एकटी आहे, तिला गरज आहे. मलाच आहे, हे कसं सांगायचं ते येत नव्हतं." मग हळूच, "प्रेम आहे माझं तुझ्यावर. व्हिसा वगैरे काहीही होवो."

"माझंपण," मी म्हटलं.

खाली ओक ट्री रोडवर दुकानांची शटर्स वर जात होती. जूनमध्ये पंधरा दिवस, त्यापुढचं काहीच माहीत नव्हतं. पुन्हा महिनोन् महिने फोनवरच राहावं लागेल, कदाचित वर्षसुद्धा.

"घरी चाललोय," तो म्हणाला. "ठेवू नकोस."

मी ठेवला नाही. त्याचे बूट दगडी रस्त्यावर वाजत होते. कुणाला तरी त्याने बोंजूर म्हटलं. मग जिना, मग किल्ली, मग दार.

"आलो."

"दार लावून घे," मी म्हटलं. "वारा येत असेल."