खाली ठेवलेली सुई

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. पाऊस आठ दिवसांपूर्वी उघडला. सकाळी सातपर्यंत धुकं, मग कडक ऊन. वारा नाही.

वरसेहून रिक्षाने रोहा स्टँड, तिथून सव्वाआठची एस.टी. नागोठण्याला टायर बदलायला पंचवीस मिनिटं गेली. पेणला उतरून मिनीडोर रिक्षाने आईच्या गावी, खाडीच्या अंगाला. पिशवीत दोन जुनी सुती पातळं होती, पुढच्या गोधडीच्या पोटात घालायला. किमयाने फोनवर मागितली होती. किमया माझी मुलगी, सतरा वर्षांची. पेणच्या कॉलेजात आहे, म्हणून जूनपासून आजीकडे राहते. दुपारी आजीकडून गोधडी शिकते, बाहुल्या शिकते.

ही वही मी एकवीस वर्षं लिहिते आहे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं लिहिणं स्वतःच हात बसवून शिकले, शिलाईही तशीच. वरसेत मी बायकांचे ब्लाउज शिवते आणि माझ्या मापात पाव इंचाचीही चूक निघत नाही. आईने माझी शिलाई कधी उलटी करून पाहिली नाही.

तिने शिकवलं ते जनीला. जनी माझी थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, डावखुरी. आई सकाळी मिठागरावर जायची आणि दुपारी जेवण झालं की पडवीत जनीला घेऊन बसायची. मी समोर बसून म्हणायचे, "आय, मला दे ना." आईचं उत्तर ठरलेलं. "आधी जनीचं होऊ दे."

आमच्याकडे सुई हातात देत नाहीत. कापडात टोचून जमिनीवर ठेवायची आणि घेणारीने उचलायची. एकदा आईने जनीसाठी ठेवलेली सुई उचलायला मी हात पुढे केला, तर आईने त्यावर फटका मारला. म्हणाली, "जिच्यासाठी ठेवली तिनंच उचलायची. दुसरीनं उचलली तर ती पहिलीच्या जागी बसते." मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्याच वर्षी भाद्रपदात जनी मिठागराच्या उघाडीत, भरतीचं पाणी आत घेण्याच्या दारात, बुडाली. तिची बाहुली अर्धी राहिली होती. आईने ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली, सुया ठेवल्या आणि झाकण लावलं. मला वाटलं होतं, आता माझी पाळी येईल. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

तो डबा आईने किमयासाठी उघडला.

मी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. पडवीत चटई, चटईवर गोधडी पसरलेली. आई भिंतीला टेकून उजवीकडे बसली होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून ती सुई धरत नाही, फक्त तोंडाने सांगते.

"आली मास्तरीण," आई म्हणाली. "वही आणलीस का? लिही, म्हातारी अजून हाय म्हणून."

"लिहिते. किती वाजता काय म्हणालीस तेही लिहिते."

"आजी, जपून बोल," किमया हसली. "आई तारीख घालून भांडते."

मी चटईच्या कडेला बसले आणि टाके पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, ओळीत कुठे लाट नाही. चार महिन्यांत असा हात बसत नाही, मला माहीत आहे.

"बघ गो मालू, पोरीचा हात," आई म्हणाली. "पाण्यासारखा चालतो."

सत्तेचाळीस वर्षांत माझ्या हाताबद्दल तिने एक शब्द काढला नव्हता. मी पातळांच्या घड्या सोडल्या, पुन्हा घातल्या. मग एक गोष्ट दिसली. किमया डाव्या हाताने टाके घालत होती. किमया उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते.

"डाव्यानं कधीपासून?"

"इथं बसलं की तोच जातो पुढं," किमया म्हणाली. "सोपं पडतं."

ओळ संपली, दोराही संपला. किमयाने सुई कापडात टोचून गोधडीच्या डाव्या कडेला ठेवली. तिथे कोणी बसलं नव्हतं, फक्त डब्यातली जनीची ती जुनी बाहुली होती. अंगात नव्या चिंध्या भरलेल्या, दोऱ्याचे डोळे अजून काढलेले नाहीत. किमया तोंड फिरवून तांब्यातलं पाणी प्यायली. पुन्हा वळली तेव्हा सुईत दोरा ओवलेला होता. रीळ आईच्या मांडीवर होतं, उजवीकडे.

"कुणासाठी ठेवतेस तिथं?"

किमयाने आजीकडे पाहिलं. आजीने अंगणाकडे.

"ऊन वर आलं," आई म्हणाली. "जेवायला वाढ."

सुकटीची चटणी, भाकरी, अंबाडीची भाजी. दीड वाजता आई तिथेच चटईवर आडवी झाली. नळाला पाणी दोनला येतं म्हणून किमया हंडा घेऊन गेली. जाताना तिने सुई बाहुलीजवळ ठेवली. रिकामी होती, मी नीट पाहिलं.

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि मग काहीच ऐकू येईना. कोंबड्याही कुठे तरी सावलीला गेल्या होत्या. अंगणात इतकं ऊन की पाहवत नव्हतं, आणि पडवीत एकदम गारवा. वास आला. ओल्या, खारट चिखलाचा. पूर्वी आई मिठागरावरून आली की तिच्या पायांना असाच वास यायचा, पण ती तिकडे गेल्याला पंधरा वर्षं झाली.

काचेच्या बांगड्या एकदाच किणकिणल्या. माझ्या हातात प्लास्टिकच्या आहेत. आईच्या हातात काही नाही.

मी सुईकडे पाहिलं. दोरा ओवलेला होता, पांढरा, हातभर. दोऱ्याचं टोक ओलं होतं.

"जने..." मी हळूच म्हणाले.

उत्तर आईकडून आलं, झोपेतून. डोळे मिटलेले, ओठ किंचित हलले.

"आधी... जनीचं होऊ दे..."

घाबरून बाहेर पळावं असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतकी वर्षं मी या बाईची औषधं आणली, हात चोळला, दवाखान्यात बाकावर झोपले, आणि अजून आधी जनीचं. मेलेलीचं. मी सरकून बाहुलीच्या बाजूला गेले आणि तिच्यासाठी ठेवलेली सुई उचलली.

चुकून नाही उचलली. नियम मला पाठ होता.

सुई थंड होती. उजव्या हातात धरली तर बोटाला टोचली. मग ती डाव्या हातात होती, ती मी बदलल्याचं आठवत नाही. टाका पडला. दुसरा पडला. थरांतून दोरा ओढल्याचा आवाज, सर्र... सर्र... आणि कुठेही अडत नव्हतं. मी मान वर केली तेव्हा सहा ओळी झाल्या होत्या. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, लग्नात नाही, किमया झाली तेव्हाही नाही. ते इथे लिहून ठेवते.

आई जागी होऊन माझ्याकडे पाहत होती. असं तोंड भरून हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"जने," ती म्हणाली. "किती सुंदर केलंस गो."

मला दुरुस्त करता आलं असतं. मी म्हणाले, "व्हय, आय."

किमया हंडा घेऊन दारात उभी होती. "आजी, ही आई आहे," ती हसून म्हणाली.

"कुणाची आई? ही जनी."

किमयाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. हंडा ठेवून तिने सुई घेऊन पाहिली. उजव्या हाताने. टाके वाकडेतिकडे पडले, बोटाला रक्त आलं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा सुई खाली ठेवली, माझ्यासमोर.

"मला येत नाय आता," ती म्हणाली. "तू कर..."

पुढे 'आई' म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही. आठवत नसल्यासारखं तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

चार वाजून दहाच्या गाडीने परत. घरी साडेसहा.

बुधवार, १५ ऑक्टोबर. ऊन, दुपारी ढग. यजमानांची दुसरी शिफ्ट. चार दिवस रोज म्हणत आहेत, जेवण खारट होतं. मी मीठ निम्मं केलं, मग घातलंच नाही. किमयाला सहा फोन केले. प्रत्येक वेळी म्हणाली, "कोण?" शनिवारपासून वही डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर चांगलं येतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. ऊन. सकाळी धुकं नव्हतं. वारा खाडीकडून.

अकरा वाजता पोचले. दार किमयाने उघडलं.

"ये गो मावशी," ती म्हणाली. मग माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आई नाय आली?"

"मागून येते," मी म्हणाले.

दुपारी गोधडी पुरी झाली. लांबी सहा फूट, रुंदी सव्वाचार. ओळी एकशे अठ्ठ्याण्णव. बाहुलीचे डोळे मी काढले, काळ्या दोऱ्याने, तीन वाजता. किमया पाच वाजेपर्यंत दारात बसून होती.