ठप, ठप, थुप

चौथं सत्र. हो, सुरुवात इथूनच.

"गेला! पुन्हा गेला चेंडू!" उन्मेषने कपाळावर हात मारून घेतला. "भूमे, तुझ्या ताईच्या हातांना आज तेल लागलंय का?"

"चूप बस बे!" भूमिका खेकसली.

खेकसली खरी, पण गॅलरीखालच्या कोर्टवर जे चाललं होतं ते तिलाही बघवत नव्हतं. सायकलवरून पडून तिने पाय मोडून घेतला होता. त्यामुळे नागपूरच्या प्रताप नगरातल्या या दुसऱ्या मजल्यावर, प्लास्टर स्टुलावर टेकवून, तिची उन्हाळ्याची सुट्टी चालली होती. सोबतीला दोघं. वर्ध्याहून आलेला मामेभाऊ उन्मेष, ज्याचं तोंड कधी बंद नसे, आणि खालच्या मजल्यावरचा सौरव, ज्याचं तोंड कधी रिकामं नसे.

खाली चिन्मयीताईचा बास्केटबॉल संघ खेळत होता, हुडकेश्वरहून आलेला. ताई राहायची इथे, पण तिचं कॉलेज आणि सराव तिकडे. समोर इथल्याच कॉलेजच्या मुली. सगळे त्यांना 'तुफान' म्हणत. चेंडू हाती लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या समोरच्या जाळीखाली! आणि बचावाला उभ्या राहिल्या की पाचजणींची भिंत.

मध्यंतरापर्यंत ताईचा संघ पुढे होता. मग बाजू बदलल्या. ताईच्या वाट्याला पाण्याच्या टाकीकडची जाळी आली आणि सगळंच घसरलं. तुफानची भिंत सगळीकडे घट्ट, फक्त टाकीजवळचा कोपरा मोकळा. ताई टप्पे टाकत त्या कोपऱ्यात शिरली की चेंडू जणू तिच्यावर रुसायचा. हाताशी यायचाच नाही! तेवढ्यात तुफानची कप्तान मिनल तो उचलून पळालेली असायची.

"त्या झोन खेळतात," उन्मेष ज्ञानी चेहरा करून म्हणाला. "म्हणजे समोरचा माणूस धरायचा नाही. आपली जागा धरायची."

सौरवने चिवडा चावत विचार केला. "म्हणजे पंगतीतल्या वाढप्यांसारखं. त्यांना पाहुण्याशी काय करायचंय? आपापली रांग सांभाळायची!"

"तुले जेवणाशिवाय काही सुचते का बे?"

शिट्टी वाजली. ताईचा संघ हरला होता. हा साखळीतला सामना होता म्हणून बरं. पण शनिवारच्या अंतिम सामन्यात पुन्हा तुफानशीच गाठ!

खालून प्रशिक्षक अरुंधती मॅडमचा आवाज चढला. "दमता तुम्ही! मध्यंतरानंतर पाय चालत नाहीत तुमचे! उद्यापासून मैदानाला दुप्पट फेऱ्या!"

जेवताना ताईने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"फायनल झाली की मी टीम सोडते," ती म्हणाली.

"सोडते? काहून?" भूमिका ताईकडे वळली.

"माझ्या हातात खेळ नाही गं." ताई स्वतःच्या तळव्यांकडे अशी बघत होती, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

टाइम-आऊट

(भूमिका पडल्या पडल्या पंख्याकडे बघत होती.)

माणूस दमला की त्याचे पाय जड होतात.

ताईचे पाय जड झाले नव्हते. ती कोपऱ्यात पोचली, तीही सगळ्यांच्या आधी.

मग हात बिघडले? मध्यंतराआधी तेच हात होते.

मग चेंडू? चेंडूही तोच.

मग काय बदललं?

फक्त बाजू.

पहिलं सत्र

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुफानचा साखळीतला उरलेला सामना दुसऱ्या एका संघाशी होता. भूमिकाने गॅलरीत खुर्ची ओढून घेतली आणि डोळे मिटले.

"अबे, ही झोपून राहिली!" उन्मेष म्हणाला.

"झोपले नाही. ऐकतेय."

डोळे उघडे असले की मुली दिसतात. त्यांच्या वेण्या, त्यांची धावपळ, धक्काबुक्की. डोळे मिटले की उरतो फक्त चेंडू.

ठप. ठप. ठप. ठप.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या.

ठप. ठप. ठप.

थुप.

भूमिकाने खाडकन डोळे उघडले. चेंडू टाकीच्या कोपऱ्यात होता! पाहुण्या संघाची मुलगी तो धरायला वाकली होती आणि मिनल त्याला घेऊन केव्हाच सुटली होती.

"ऐकलंत?"

"काय?" सौरवने विचारलं. तो भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, त्यामुळे त्याला शेंगांशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

मग तिघांनीही डोळे मिटले. थोड्या वेळाने, थुप! आणखी थोड्या वेळाने पुन्हा, थुप! दर वेळी तोच कोपरा.

"आणि एक गोष्ट बघा," भूमिका हळूच म्हणाली. "तुफानच्या मुली तिकडे फिरकतच नाहीत. ना बचावात, ना चढाईत."

"म्हणजे त्यांना माहीत आहे! चिटिंग!" उन्मेष उसळला आणि जिन्याकडे धावलासुद्धा. सामना संपल्यावर त्याने मिनललाच गाठलं. परत आला तेव्हा जरा गोंधळलेला होता.

"मी सरळ विचारलं, त्या कोपऱ्यात काहून जात नाही? तर हसली. म्हणे, 'असंच रे. तिकडे जमत नाही.' खोटं बोलल्यासारखी वाटली नाही, भूमे."

भूमिका विचारात पडली. या मुली रोज इथेच खेळतात. त्यांच्या पायांना सवयीने कळलं असेल. डोक्याला अजून कळलेलंच नाही!

फाउल

मैदान समितीचे सचिव गोपाळराव. उन्हाळ्यात सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून मुलांनी बोलावल्यावर ते सकाळी आले. उन्मेष आणि सौरवने त्यांना कोपऱ्यात नेलं. वर गॅलरीत भूमिका कठड्याला रेलून उभी.

उन्मेषने चेंडू आपटला.

ठप.

पुन्हा आपटला. ठप! जोर लावून आपटला. ठप!! चेंडू डोक्याच्या वर उडाला.

"थुप म्हणे!" गोपाळराव हसले. "कान वाजून राहिले पोट्टेहो तुमचे! अरे, टाकीचा पाइप टाकला तेव्हा हा कोपरा मीच बुजवून घेतला. पक्कं सिमेंट! वरून हिरवा रंग!"

"तुम्ही बघितलं होतं, काका?" वरून भूमिकाने विचारलं.

"ठेकेदारानं सांगितलं ना मले!" असं म्हणून गोपाळराव ऊन चढायच्या आत घरी गेले.

उन्मेषने चेंडूला लाथ मारली. सौरवने त्या दिवशी नाश्ता अर्धा टाकला. त्यावरून ओळखा!

भूमिकाला मात्र रडू आलं ते ताईसाठी. मॅडमनी सांगितलेल्या दुप्पट फेऱ्या मारून ताई आली होती आणि दारात बसून बूट काढत होती.

दुसरं सत्र, ज्यात फक्त बोलणं आहे

"मेलो! माझी लस्सी सांडली!"

"एवढ्या भर दुपारी कशाला गेला होतास, सौरव?"

"तहान लागली होती. दुकानासमोर सायकल उभी केली, पिशवी हँडलला लटकवली आणि वळलो, तर धाडकन पडली! स्टँड डांबरात रुतला. हा नागपूरचा उन्हाळा म्हणजे ना..."

"काय म्हणालास?"

"लस्सी सांडली."

"त्याच्यानंतर!"

"स्टँड डांबरात रुतला. मे महिन्यात रुततोच ना! सकाळी नाही रुतत, दुपारी..."

"थांब, थांब!"

"भूमे, अशी काय बघतेस?"

"सकाळी नाही रुतत! सकाळी डांबर कडक असतं! उन्मेष, सकाळी चेंडू चांगला उडाला, कारण तेव्हा जमीन कडक होती. संध्याकाळी थुप होतं, कारण दिवसभराच्या उन्हाने ती मऊ पडते. ते सिमेंट नाहीच! हिरवा रंग फासलेलं डांबर आहे!"

"पण काका दुपारी येणार नाहीत बघायला."

"येतील."

"त्यांचा नियम आहे."

"त्यांना स्वतःच्या नियमापेक्षा जास्त राग कशाचा येतो?"

"कोर्टवर कुणी सायकल लावली की!"

"मग जा, लाव."

त्याच दुपारी

कोर्टवर सायकल लावलीय हे सौरवने त्यांच्या कानावर घातलं आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून, चपला फटफटवत, गोपाळराव खरंच आले!

"कोनं लावली बे ही सायकल माझ्या कोर्टावर?"

"तेच तर शोधून राहिलो काका," उन्मेष निरागसपणे म्हणाला.

गोपाळरावांनी रागाने सायकल ओढली. सायकल हलली, स्टँड हलला नाही. पुन्हा ओढली. मग खाली वाकले. हिरव्या रंगाला भोक पडलं होतं आणि आतून काळंकुट्ट डांबर वर येऊन स्टँडला चिकटलं होतं.

"काका," वरून भूमिकाचा आवाज आला, "सिमेंटात स्टँड कसा रुतला?"

गोपाळरावांनी बोटाने ते डांबर दाबून पाहिलं. उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "मले फसवलं त्यानं. अन् मी पाहिलंच नाही गा."

मध्यंतर

रोज संध्याकाळी सामने असल्यामुळे शनिवारच्या आत कोपरा उकरून पुन्हा भरणं शक्य नव्हतं. ताईला सगळं कळलं. तिने उन्मेषकडून तीनदा ऐकून घेतलं, मग खाली जाऊन स्वतः चेंडू आपटून आली.

"तुझे हात चांगले आहेत, ताई! जमीन खोटी होती!"

ताई हसली. पण पूर्ण नाही.

"आता मज्जा!" उन्मेषने हात चोळले. "तुफानला सांगायचंच नाही. आपल्याला माहीत, त्यांना नाही!"

भूमिकाने प्लास्टरवर नखाने रेघ ओढली. ताईने हरलेलं तोंड घेऊन पुन्हा घरी यावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण मिनलचं 'असंच रे' तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"सांगायचं," ताईच म्हणाली. "लपवून जिंकले तर मला कधीच कळणार नाही, मी जिंकले की तो कोपरा जिंकला."

त्या संध्याकाळी ताई मिनलकडे गेली, उन्मेष आणि सौरवला घेऊन. मिनल आधी हसली. मग कोपऱ्यात जाऊन चेंडू आपटला. थुप. पुन्हा आपटला. मग तो छातीशी धरून उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस आम्ही जिंकत होतो ते..."

"तेच तर कुणाला माहीत नाही," ताई म्हणाली.

"मग मलाही कळलं पाहिजे." मिनलची मान ताठ झाली. "शनिवारी त्या कोपऱ्यात आमची एक मुलगी उभी राहील. फुकटचं काही नको!"

तिसरं सत्र, तुकड्या-तुकड्यांत

शनिवार. दिवे लागले. भिंतींवर, गच्च्यांवर माणसंच माणसं. उन्मेष संघाच्या बाकाजवळ, भूमिकाच्या आईचा फोन घेऊन. भूमिका गॅलरीत, बाबांचा फोन कानाला लावून.

मध्यंतराला ताईचा संघ थोडा मागे. तुफानचा वेगच तसा!

बाजू बदलल्या. टाकीची जाळी. मिनलने शब्द पाळला होता, कोपऱ्यात एकजण उभी. ताईने एकदा उजवीकडून शिरून पाहिलं. भिंत. डावीकडून. भिंत.

पण वरून भूमिकाला काहीतरी वेगळं दिसलं. पाचजणी तेवढ्याच होत्या, सांभाळायची जागा मात्र वाढली होती. चादर कोपऱ्याकडे ओढली की दुसरीकडे उघडं पडतं. मधोमध, जाळीसमोर, एक रिकामा तुकडा!

"उन्मेष, मॅडमना टाइम-आऊट घ्यायला सांग. आणि फोन त्यांना दे!"

"हॅलो?" मॅडमचा घाईतला आवाज.

"मॅडम, मधे जागा आहे. तिथे एकीला उभं करा, त्यांच्या दोघींच्या बरोबर मधे. प्रत्येकीला वाटेल, ही दुसरीच्या वाट्याची आहे. त्यांच्याइतकं पळायला जाऊ नका. चेंडूलाच पळवा, तो दमत नाही. आणि जाळीकडे टाकला की दोघींनी लगेच मागे फिरायचं, म्हणजे त्यांना सुसाट सुटता येणार नाही."

मॅडमनी मुलींना हाका मारून जागा वाटून दिल्या. मग, "हे कुणी शिकवलं तुला?"

"सौरवने. दोन वाढप्यांच्या मधे बसलेल्याला कुणीच वाढत नाही, असं म्हणतो तो."

पास. पास. मधे. दोघी धावल्या. बाहेर पास. जाळी!

पास. मधे. बाहेर. जाळी!

तुफान सुटायला बघायचं, तर दोघी आधीच वाटेत उभ्या! आयुष्यात पहिल्यांदा तुफानला थांबून विचार करावा लागत होता.

बरोबरी.

शेवटचे काही क्षण. चेंडू मधे गेला. तुफानच्या दोघी तिकडे झेपावल्या. तिसरी, कोपरा सांभाळणारीसुद्धा. मधल्या मुलीने न बघता चेंडू बाहेर फेकला.

टाकीच्या कोपऱ्यात ताई उभी होती.

भूमिकाने कठडा घट्ट धरला. टप्पा टाकू नको, टप्पा टाकू नको, टप्पा...

ताईने टप्पा टाकला नाही. त्याच हातांनी चेंडू झेलला, त्याच हातांनी वर उचलला आणि सोडला. मिनल उडी मारून पोचली, पण तिच्या बोटांच्या वरून चेंडू गेला. कड्याला लागला नाही, फळीला लागला नाही. जाळी फक्त सळसळली.

शिट्टीनंतर

खाली इतका गोंधळ होता की भूमिकाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण उन्मेष फोन बंद करायला विसरला होता, त्यामुळे सगळंच ऐकू येत होतं.

आधी मिनल. धाप लागलेली. "कळलं मला. आम्ही चांगल्याच खेळतो! पण आज तुम्ही जास्त चांगल्या खेळलात."

मग माइकवर गोपाळराव. "मंडळी, हा कोपरा उद्याच्या उद्या उकरून, मी स्वतः दुपारी उभा राहून, सिमेंटनं भरून घेणार आहे. आम्ही मोठे म्हणवणाऱ्यांनी सकाळच्या गारव्यात पाहिलं अन् मान डोलवली. ज्या पोट्टीनं नुसत्या कानानं हे शोधलं, ती वर बसून आहे. वाजवा तिच्यासाठी टाळ्या! अन् या दोन पोट्ट्यांसाठीही!"

सगळं मैदान वळून गॅलरीकडे बघू लागलं. भूमिकाने लाजून वाळत घातलेली चादर तोंडावर ओढली. खाली सौरवने मात्र दोन्ही हात उंचावून टाळ्या स्वीकारल्या. त्याच्या एका हातात समोसा होता.

"आणि मी तुम्हाला उगाच दुप्पट पळवलं," अरुंधती मॅडम म्हणत होत्या. "न बघताच ठरवून टाकलं. माझं चुकलं, चिन्मयी."

ठप, ठप, चेंडूचे दोन टप्पे. मग ताईचा आवाज, अगदी फोनजवळ.

"मॅडम, उद्या सराव किती वाजता?"

"उद्या कसला सराव? अगं, स्पर्धा संपली! सुट्टी आहे तुम्हाला!"

"मग," ताई म्हणाली, "एक चेंडू घरी नेऊ?"